वहीतल्या उभ्या रेघा

सात नंबरने ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणं, थांबवून बॉल दोन्ही हातांत धरला, तेव्हाच तो गेला होता. प्रत्यक्ष हातातून सुटायला अजून चार सेकंद बाकी होते, एवढंच.

बास्केटबॉल कोर्टाची हाफलाइन ओलांडून ती जेमतेम दोन पावलं पुढे आली होती, उजव्या साइडलाइनला लागून. समोरून एक डिफेंडर आली म्हणून तिने बॉल उचलला, आणि तो उचललेला दिसताच डावीकडून दुसरी धावत आली. आता मागे हाफलाइन, कारण बॉल एकदा पुढे आणला की मागे नेता येत नाही. उजवीकडे साइडलाइन. उरलेल्या दोन बाजूंना चार हात. डावा पाय पिव्होटला, म्हणजे जागच्या जागी, खिळलेला, उजव्या पायावर ती नुसती इकडून तिकडे वळत होती. रेफरीचा हात पाच सेकंद मोजायला लागला होता. आणि बेंचवरून मी, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "जपून!"

तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पलीकडे चार नंबर मोकळी झाली, हात वर करून क्षणभर तशीच राहिली आणि पुन्हा झाकली गेली. मग सात नंबरने चार नंबर मघाशी जिथे होती तिथे एक उंच, तरंगता पास सोडला. समोरच्या संघाच्या मधल्या मुलीला तो घ्यायला उडीसुद्धा मारावी लागली नाही. ती तशीच पळत गेली आणि ले-अप, म्हणजे बास्केटजवळून सोपा शॉट, करून आली. मी मांडीवरची वही पुढे ओढली आणि सातच्या ओळीत एक उभी रेघ मारली.

ही रेघ तिच्याच ओळीत का, हा प्रश्न मला पडायला अर्धा सीझन जावा लागला.

आमचा कॉलेजच्या मुलींचा संघ त्या वर्षी अगदीच कोवळा होता. बारा जणींपैकी आठ पहिल्या वर्षाच्या. आदल्या वर्षीच्या सिनिअर एकदम निघून गेल्या होत्या आणि जाताना बॉल वर आणणाऱ्या तिन्ही मुली घेऊन गेल्या होत्या. कोच मी, मॅनेजर मी आणि आकडे लिहिणारा कारकूनही मीच. वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे बारा नंबर, पुढे रकाने. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होतं तो पास), स्टील (बॉल हिसकावणं), आणि सगळ्यात शेवटी टर्नओव्हर. पहिल्या दोन मॅचमध्ये तो शेवटचा रकाना मला समासात वाढवावा लागला.

टर्नओव्हर म्हणजे काय, तर शॉट न मारताच बॉल समोरच्या संघाला देऊन बसणं. चुकीचा पास, ट्रॅव्हल (बॉल हातात धरून चालणं), डबल ड्रिबल (थांबवलेला ड्रिबल पुन्हा सुरू करणं), रेषेवर पडलेला पाय, तीन सेकंद, पाच सेकंद, आठ सेकंद, चोवीस सेकंद. खेळात बॉल घालवण्याचे इतके मार्ग लिहून ठेवलेले आहेत की नवख्या पोरींना ते सगळे सापडतातच. गंमत म्हणजे खेळ मोठा झाला तरी हा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये खेळाडूच्या नावापुढे टर्नओव्हर लिहायला १९७७-७८च्या सीझनपासून सुरुवात झाली, म्हणजे लीग तीस वर्षांची झाल्यावर. ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२मध्ये अख्ख्या सीझनची सरासरी ट्रिपल डबलची, म्हणजे गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी, ठेवली हे सगळ्यांना पाठ असतं. त्या वर्षी त्याने बॉल किती वेळा घालवला हे कुणालाच सांगता येत नाही. भाग्यवान माणूस.

एका टर्नओव्हरची किंमत मुलींना समजावताना मी एकच हिशोब मांडायचो. दोन्ही संघांना पझेशन, म्हणजे बॉल हातात असण्याच्या पाळ्या, जवळजवळ सारखीच मिळतात, कारण एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू होतं. एका पझेशनमागे ढोबळमानाने एक गुण पडतो. सत्तर पझेशनपैकी बावीसमध्ये शॉटच घेतला नाही तर तुम्ही अठ्ठेचाळीस संधींवर सत्तरवाल्यांशी खेळताय. मग शूटिंगचा कितीही सराव करा. बास्केटबॉलच्या आकड्यांवर काम करणाऱ्या डीन ऑलिव्हरने जिंकण्या-हरण्याचे चार घटक मांडले आणि त्यांना ढोबळ वजनं दिली. शूटिंगला ४० टक्के, टर्नओव्हरना २५, रिबाउंडना २०, फ्री थ्रोना १५. म्हणजे बास्केट करण्याच्या खालोखाल महत्त्व कशाला, तर बॉल न घालवण्याला. हे मी फळ्यावर लिहिलं. मुलींनी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या मॅचला पुन्हा समास वाढवावा लागला.

त्यातही बॉल गेला आणि बॉल गेला यात फरक असतो. पास प्रेक्षकांत जाऊन पडला तर घड्याळ थांबतं, बॉल बाहेरून आत यावा लागतो, तोवर पाचही जणी मागे येऊन डिफेन्सला उभ्या राहतात. तोच पास कोर्टाच्या मध्यावर पकडला गेला तर पकडणारी बास्केटकडे तोंड करून पळत असते आणि आपल्या पाचही जणींची तोंडं उलट्या दिशेला. पहिल्या प्रकारात फक्त आपली संधी जाते, दुसऱ्यात त्यांना दोन गुण आयते मिळतात. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, मात्र दोन्हींची रेघ सारखीच उंच. मी मुलींना सांगायचो, घालवायचाच असेल तर बाहेर घालवा. हे ऐकून त्या हसायच्या, पण मला ते गंमतीने म्हणायचं नसायचं.

तर मी काय करत होतो? बॉल गेला की रेघ मारत होतो, आणि रेघ मारली की त्या मुलीला बाहेर बसवत होतो. शिक्षा म्हणून नव्हे असं मी स्वतःला सांगायचो. जरा शांत होऊ दे, बेंचवरून पाहू दे. पण बारा जणींना ते काय दिसत होतं ते उघड आहे. रेघ म्हणजे खुर्ची. काही दिवसांतच बॉल हातातून सुटण्याच्या आधीच माना बेंचकडे वळायला लागल्या.

आणि मग ती मॅच आली जिच्यात सात नंबरच्या ओळीत एकही रेघ नव्हती.

मी खूश होतो. मध्यंतरात तिच्या पाठीवर थापही मारली. ती बॉल वर आणायची, सगळ्यात जवळच्या मुलीला सरळ, सुरक्षित पास द्यायची, तो परत घ्यायची, दुसऱ्या बाजूला द्यायची. आत उभ्या असलेल्या अकरा नंबरकडे, आमच्या सगळ्यात उंच मुलीकडे, तिने बॉल टाकला असेल दोनदा. दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकून पीत होती बिचारी. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांचं घड्याळ, आठवर यायचं, पाचवर यायचं, आणि मग ज्या कुणाच्या हातात बॉल असेल तिने जिथे असेल तिथून तो बास्केटच्या दिशेने भिरकवायचा. चार वेळा तर तेवढंही झालं नाही, चोवीस सेकंदांचा भोंगा वाजला. त्या सीझनमधला आमचा सगळ्यात कमी स्कोअर त्या दिवशी झाला.

रात्री वही बघताना लक्षात आलं की चोवीस सेकंदांचा भोंगा कुणाच्याच ओळीत येत नाही. तो संघाच्या नावावर जातो, पानाच्या तळाशी. चार पझेशन वाया गेली आणि बारापैकी एकीलाही त्याचं काही लागलं नाही. ज्या मुलीला रेघेची भीती घातली, तिने रेघ न पडण्याचा मार्ग शोधून काढला होता. हुशारच होती ती. बॉल घालवू नको म्हटल्यावर तिने बॉलचं काही करणंच सोडून दिलं.

एक गोष्ट जाता जाता. एनबीएच्या इतिहासात पाच हजारांहून जास्त टर्नओव्हर लेब्रॉन जेम्सच्या नावावर आहेत, आणि सगळ्यात जास्त गुणही त्याच्याच नावावर. इतकी वर्षं बॉल ज्याच्या हातात सोपवला जातो त्याच्या हातून तो जाणारही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि बेंचवर बसलेलं असताना आठवणं वेगळं.

कोपऱ्यात सापडलेल्या तरुण खेळाडूचा विषय निघाला की मला अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या दोन फायनल आठवतात. दोन्ही न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, दोन्हींत एका बेंचवर नॉर्थ कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ. हा योगायोगही मजेशीर, कारण स्कोअरपेक्षा पझेशनमागे किती गुण पडले याचा हिशोब ठेवणारा हा माणूस. त्यांना मिळालेल्या दोन विजेतेपदांच्या शेवटच्या सेकंदांत समोरच्या संघाने बॉल आणून हातात ठेवला.

पहिली १९८२ची, जॉर्जटाउनविरुद्ध. पहिल्या वर्षात शिकणाऱ्या मायकेल जॉर्डनने शेवटच्या मिनिटात जंप शॉट मारून नॉर्थ कॅरोलिनाला ६३-६२ असं पुढे नेलं. जॉर्जटाउनकडे बॉल होता, वेळ होता, एक बास्केट पुरलं असतं. दुसऱ्या वर्षात असलेला फ्रेड ब्राउन बॉल घेऊन वर आला, कडेला एक हलती आकृती दिसली, आणि त्याने पास दिला तो थेट समोरच्या संघाच्या जेम्स वर्दीच्या हातात. हातात म्हणजे अक्षरशः हातात. मी ते चित्रीकरण कितीतरी वेळा पाहिलंय. वर्दी डिफेन्समधली स्वतःची जागा सोडून भलतीकडेच गेलेला होता. डिफेंडर असायला नको अशा ठिकाणी तो होता, म्हणूनच तो आपलाच वाटला. ब्राउनच्या हातात दोष नव्हता, पास उत्तम होता. मॅच संपल्यावर जॉर्जटाउनचे कोच जॉन थॉम्पसन यांनी त्याला मिठीत घेतलं. दोन वर्षांनी, १९८४मध्ये, जॉर्जटाउन विजेता ठरला तेव्हा ब्राउन संघातच होता, आणि थॉम्पसननी त्याला पुन्हा तशीच मिठी मारली. मी माझ्या बेंचकडे चालत येणाऱ्या मुलीला काय देत होतो? खुर्ची.

दुसरी १९९३ची, मिशिगनविरुद्ध. मिशिगनचे ते पाच जण आदल्या वर्षी पहिल्याच वर्षात एकत्र खेळून फायनलपर्यंत आले होते, आता दुसऱ्या वर्षात पुन्हा फायनल. वीस सेकंद उरलेले, दोन गुणांनी मागे. क्रिस वेबरने रिबाउंड घेतला, पास द्यायला वळला, द्यायचा थांबला, पाय घसटला. तो सरळ सरळ ट्रॅव्हल होता पण रेफरीने दिला नाही. मग तो स्वतःच बॉल घेऊन कोर्टभर पुढे गेला आणि उजव्या कोपऱ्यात, स्वतःच्याच बेंचसमोर, ड्रिबल थांबवून अडकला. दोघांनी घेरलं. अकरा सेकंद उरले असताना त्याने दोन्ही हातांनी टाइमआउटची खूण केली. टाइमआउट शिल्लकच नव्हता. टेक्निकल फाउल, नॉर्थ कॅरोलिनाला फ्री थ्रो, वर बॉलही त्यांचाच. ७७-७१.

लोक त्या हाताच्या खुणेबद्दल बोलतात. मला मात्र पहिल्या पावलाशी घुटमळलेला तो पाय जास्त दिसतो. रिबाउंड घेतल्यावर पास घ्यायला कुणी गार्ड, म्हणजे बॉल वर आणणारा खेळाडू, धावत आला असता तर बॉल गार्डकडे गेला असता, आणि वेबर जिथे असायला हवा होता तिथे, बास्केटखाली, गेला असता. तसं झालं नाही, आणि पुढचे नऊ सेकंद एक उंच फॉरवर्ड गार्डचं काम करत राहिला. चूक कोपऱ्यात दिसली, पण ती तिथे झाली नव्हती.

आमच्या नियमांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांत, खेळाडूला टाइमआउट मागताच येत नाही. तो कोचनेच टेबलाकडे मागायचा, आणि तोही बॉल डेड असताना किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर. सात नंबर त्या कोपऱ्यात अडकली तेव्हा मी तिला वाचवू शकत नव्हतो. आणि वेबरसारखी चूक आमच्याकडे घडलीच असती तर ती तिची नसती, माझी असती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरुण संघ इतका बॉल का घालवतो, याचं सोपं उत्तर म्हणजे अनुभव नाही. पण अनुभव म्हणजे नेमकं काय? १९८०मध्ये कॅनडात फ्रॅन अलार्ड आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. बास्केटबॉल खेळणाऱ्यांना आणि न खेळणाऱ्यांना कोर्टवरचे फोटो काही क्षण दाखवले आणि खेळाडू कुठे कुठे होते ते आठवायला सांगितलं. फोटो आखीव हल्ल्याचा असेल तर खेळणाऱ्यांना कितीतरी जास्त जागा आठवल्या. बॉल सुटून पडलाय, सगळे अस्ताव्यस्त आहेत, असा फोटो असेल तर दोघांत फरक उरला नाही. म्हणजे जाणत्या खेळाडूची स्मरणशक्ती तल्लख नसते. त्याला दहा सुटी माणसं दिसत नाहीत, एक घडी दिसते, आणि ती घडी पुढे कशी उलगडेल तेही त्यातच दिसतं.

माझ्या आठ जणींना दहा सुटी माणसं दिसत होती. त्यात मी काय केलं असेल, तर सीझनच्या सुरुवातीला चौदा प्ले, म्हणजे आखीव चाली, शिकवले. प्रत्येक प्लेमध्ये तीन-तीन पर्याय. विल्यम हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५२मध्ये दाखवलं होतं की समोर पर्याय वाढतात तसा प्रतिसादाचा वेळ वाढत जातो. तो वेळ सेकंदाच्या एका लहानशा तुकड्याचा असतो, पण कोर्टवर चार नंबर मोकळी राहते तीही तेवढाच तुकडा. मी मोठ्या कष्टाने मुलींना उशीर करायला शिकवत होतो. पुढे चौदाचे तीन केले. तीनही पाठ व्हायला वेळ लागला, पण निदान कुठला चाललाय हे पाचही जणींना एकदम माहीत असायचं.

आणखी एक कारण मला कुठल्या प्रयोगात सापडलं नाही, मुलींकडे बघून कळलं. या सगळ्या शाळेत आपापल्या संघाच्या राण्या होत्या. सात नंबरचा तो कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारा उंच पास शाळेत रोज पोचत होता. तिथे मधे उभ्या असलेल्या मुलीचे हात आखूड होते, पाय सावकाश होते. म्हणजे तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता. एका वर्षापूर्वी तो बरोबर होता, शंभरदा बरोबर ठरला होता, टाळ्या मिळवून गेला होता. इथे तोच पास हवेत असताना मधली मुलगी तीन पावलं टाकते. जी गोष्ट कधीच चुकली नाही ती सोडायला सांगणं, जी कधीच आली नाही ती शिकवण्यापेक्षा अवघड. "पास चुकीचा होता" असं मी म्हटलं की ती समजायची, नेम चुकला. ती अजून नेमकेपणाने तोच पास टाकायची.

हवेत उडी मारून मग कुणाला द्यायचा ते ठरवणं, हाही शाळेतलाच वारसा. तिथे वर गेलं की कुणीतरी दिसायचंच. त्यावर औषध एकच, पाय जमिनीवर ठेवणं. ते सांगायला दहा सेकंद लागतात आणि अंगवळणी पडायला वर्ष.

सरावात मी एक दिवस ड्रिबलच बंद करून टाकला. हे काही माझं डोकं नव्हे, कित्येक कोच करतात. आणि मुळात खेळ सुरू झाला तो तसाच. १८९१च्या डिसेंबरमध्ये जेम्स नायस्मिथने स्प्रिंगफील्डला जे तेरा नियम लिहिले, त्यांत बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच टाकायचा, असा नियम होता. ड्रिबल नंतर आला. रेषेबाहेरून बॉल आत टाकायला पाच सेकंद, हे मात्र तेव्हापासूनचं.

पहिली दहा मिनिटं पाहवत नव्हती. बॉल एकीच्या हातात, बाकीच्या चौघी उभ्या. डोळे मिटले असते तर हॉलमध्ये कुणी आहे असं वाटलं नसतं. हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं. आमच्या संघात आवाज म्हणजे फक्त माझा आवाज. सिनिअरांच्या वेळी कोर्टवर सारखा गलका असायचा, "डावीकडे", "मागे ये", "मी आहे, मी आहे", "स्क्रीन उजवीकडून". त्या गलक्यात बॉल असणारीला अर्धी माहिती कानांतून मिळायची. या आठ जणी एकमेकींशी बाहेर तासन्‌तास बडबडायच्या आणि रेषेच्या आत आल्या की तोंड बंद.

अकरा नंबर आत उभी होती, तिची डिफेंडर तिच्या मागे पडलेली होती, आणि बॉल बाहेर तीन सेकंद, चार सेकंद अडकलेला. मी शिट्टी वाजवली.

"अगं, पुढे का नाही आलीस बॉलकडे?"

"सर, तो माझ्याकडे येणारच नव्हता."

"कशावरून?"

तिने खांदे उडवले. "येत नाही ना कधी."

ती बरोबर बोलत होती. एका शब्दाने चुकीचं नव्हतं त्यात काही. बॉल येत नाही म्हणून ती हलत नव्हती, ती हलत नव्हती म्हणून बॉल येत नव्हता, आणि या दोन्हींच्या मधे सात नंबर कोपऱ्यात अडकून माझ्या वहीत रेघा खात होती.

त्या दिवसापासून सरावात ड्रिबलवाली आणि बिनड्रिबलवाली अशी पाळी लावली. नियम एकच वाढवला. बॉल हवा असेल तर नाव घेऊन मागायचा. पहिले दोन दिवस त्या लाजत पुटपुटायच्या. तिसऱ्या दिवशी अकरा नंबरने, जी वर्गातही कधी हात वर करत नसावी, इतक्या जोरात हाक मारली की पास देणारीने दचकून बॉल सोडला. ते आत्ता आठवलं तरी हसू येतं.

वहीत मी आणखी एक रकाना आखला. कुणाच्या हातून गेला, त्यापुढे तेव्हा कोण हलली नाही. मॅचचं फोनवरचं चित्रीकरण घरी बघून तो भरायचो. तो भरताना सातच्या बऱ्याच रेघा दुसऱ्या ओळींत जाऊन बसल्या.

मला वाटत होतं मी फार न्याय केला. मग एकदा परतीच्या प्रवासात बसमध्ये सात नंबर माझ्या शेजारी येऊन बसली आणि वही मागितली. तोवर मुलींपैकी कुणी ती वही मागितलेली नव्हती. तिने पान काढलं आणि बोट ठेवत ठेवत खाली आली.

"ही माझी. उडी मारून मग ठरवलं." बोट खाली. "हीपण माझी. ही नाही सर. चार नंबर कट करत होती म्हणून टाकला, ती अर्ध्यात थांबली."

"ते लिहिलंय पुढे."

"हो." बोट आणखी खाली आलं आणि थांबलं. "ही तुमची."

"माझी?"

"मी बॉल टाकणारच होते. तुम्ही ओरडलात, मी वळून बघितलं."

मी विचारलं, काय ओरडलो होतो. तिला आठवत होतं, अर्थातच. जपून. मी तिला विचारलं की ते ऐकून तिला काय वाटायचं. ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, "काही नाही. म्हणजे काय करायचं ते कळायचं नाही. काहीतरी चुकणार आहे एवढंच कळायचं."

घरी जाऊन मी बारा नंबरांच्या खाली एक तेरावी ओळ आखली. तिच्यात नंबर लिहिला नाही, तशीच कोरी ठेवली. पुढच्या मॅचमध्ये तिच्यात तीन रेघा पडल्या, त्यातली एक मी स्वतःहून मारली आणि दोन मारायला मुलींनी लावलं. ओरडण्याची सवय मोडणं, उंच पासची सवय मोडण्याइतकंच चिवट निघालं. शेवटी मी हातात पेन न ठेवता तोंडात ठेवायला लागलो.

टर्नओव्हर कमी झाले का? झाले, पण मला वाटलं होतं तितके नाही. जाण्याची जात मात्र बदलली. मध्यावर पकडले जाणारे पास कमी झाले, अकरा नंबरच्या हातातून निसटून बाहेर गेलेले वाढले, कारण तिच्याकडे आता बॉल येत होता आणि तिला तो पकडायची सवय नव्हती. अशी एक रेघ मारताना मला जवळजवळ बरं वाटायचं. सात नंबर कोपऱ्यात जायची तेव्हाही जायची, फक्त आता ड्रिबल जिवंत ठेवून जायची, आणि दुसरी डिफेंडर आली की दोन पावलं मागे सरकून दोघींच्या मधून पास काढायची. कधी पोचायचा, कधी नाही.

सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये चौथ्या क्वार्टरचं दीडएक मिनिट उरलं होतं, आम्ही एका गुणाने मागे. बॉल रेषेबाहेर गेला, घड्याळ थांबलं, बॉल आमचा होता. सात नंबर धावत बेंचच्या रेषेपाशी आली. तिला धाप लागली होती. मला वाटलं प्ले विचारेल.

"सर, टाइमआउट किती उरलेत?"

त्या हाफमध्ये मी एकही घेतलेला नव्हता. मुलींना खेळू द्यावं, मधे पडू नये, असं बरंच काही शिकून बसलो होतो ना. दुसऱ्या हाफला तीन मिळतात. मी मोठ्या ऐटीत तीन बोटं दाखवली.

ती माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत होती. मी वळलो. टेबलावरच्या स्कोअररने माझी बोटं पाहिली, नकारार्थी मान हलवली आणि स्कोअरशीट जरा माझ्याकडे फिरवून धरली. शेवटची दोन मिनिटं सुरू होईपर्यंत तिन्ही शिल्लक असतील तर त्यातला एक बाद होतो. आमच्या पहिल्या चौकटीत त्याने केव्हाच दोन आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या.

"दोन," सात नंबर म्हणाली, आणि आत पळाली.